उष्णतेचा उपासक जोसेफ फूरिये

गणित आणि हास्य यांचें जन्मजात वैर आहे, अशी समजूत आमच्या विद्यार्थिमित्रांत फार दृढ आहे. गणिताच्या तासाला वर्गांत जें हंसूं ऐकूं येतें तें बहुधा मागच्या बांकावरून येतें, आणि फळ्यावर चाललेल्या कामाशीं त्याचा कांहीं संबंध नसतो, हें आम्हांसही ठाऊक आहे. परंतु ज्या गृहस्थाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या आयुष्यांत आणि त्याच्या गणितांतही हंसूं येण्याजोगें पुष्कळ आहे. हा गृहस्थ खोली भट्टीसारखी तापवून व अंगाला लोंकरी कपडे गुंडाळून बसे. चौकोनी आकृति गोलसर लाटांपासून घडवितां येते, असें तो ठासून सांगे. आणि त्याचें हें सांगणें ऐकून त्या काळचे मोठमोठे गणिती पंधरा वर्षें मान हलवीत राहिले. आज दूरध्वनीवरचें बोलणें, आकाशवाणीवरचें गाणें, इस्पितळांतील यंत्रानें काढलेलें रोग्याच्या मेंदूचें चित्र, हें सर्व त्याच लाटांच्या हिशेबावर चालतें.

जोसेफ फूरिये याचा जन्म ता. २१ मार्च १७६८ रोजीं फ्रान्समधील ओसेर या गांवीं झाला. बाप शिंपी होता. बापाच्या दुसऱ्या पत्नीस बारा मुलें झालीं, त्यांतील जोसेफ नववा. इतक्या मुलांच्या अंगरख्यांचीं मापें ध्यानांत ठेवणारा बाप स्वतःच थोडाफार गणिती असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. परंतु हें भरलेलें घर फार दिवस टिकलें नाहीं. जोसेफ नऊ वर्षांचा असतां आई वारली आणि पुढच्याच वर्षीं बापही गेला. दहा वर्षांचें तें पोरकें पोर परक्यांच्या दयेवर पडलें.

ओसेर येथें बेनेडिक्ट पंथाच्या साधूंनीं चालविलेली एक सैनिकी शाळा होती. गांवांतील कनवाळू माणसांनीं शब्द टाकल्यामुळें जोसेफला तेथें प्रवेश मिळाला. मिशनच्या शाळेंत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्या शाळेचें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास श्रम पडूं नयेत: सकाळची प्रार्थना, घंटेचा धाक, आणि रात्रीं ठरल्या वेळीं दिवे विझलेच पाहिजेत हा कडक नियम. मुलगा हुशार, पण चंचल होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला गणिताची चव लागली आणि त्याचें चांचल्य जणूं एका जागीं बांधलें गेलें. चौदाव्या वर्षीं त्यानें बेझू या ग्रंथकाराच्या गणिताचे सहाही खंड वाचून संपविले. दिवसाचे तास अपुरे पडूं लागले तेव्हां स्वयंपाकघरांतील व ओसरीवरील मेणबत्त्यांचीं उरलेलीं टोकें गोळा करून तो सर्व निजल्यावर आडोशाला बसून अभ्यास करी, असें सांगतात. सुज्ञ पालकांनीं ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. मात्र आपल्या घरीं रात्रीं उशिरापर्यंत जो उजेड दिसतो तो बेझूच्या ग्रंथासाठींच असतो असें गृहीत धरूं नये.

शिक्षण संपल्यावर त्याला तोफखान्यांत अधिकारी व्हावयाचें होतें. अर्ज केला, पण तो परत आला. हा मुलगा कुलीन घराण्यांतला नाहीं, तेव्हां तो दुसरा न्यूटन असला तरी त्याला तोफखान्यांत जागा नाहीं, अशा अर्थाचा शेरा मंत्र्यानें मारल्याची कथा प्रसिद्ध आहे. शिंप्याच्या पोराला तोफ नाकारली गेली तेव्हां त्यानें जपमाळ हातीं घेतली, आणि १७८७ सालीं लवार नदीकांठच्या सेंट बेनेडिक्टच्या मठांत तो साधूचा उमेदवार म्हणून राहिला. तेथें तो इतर उमेदवारांस गणित शिकवी. पण मन पुरतें देवाकडे नव्हतें आणि पुरतें जगाकडेही नव्हतें. एकविसावा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं एका शिक्षकास लिहिलेल्या पत्रांत त्यानें खंत व्यक्त केली कीं, या वयापर्यंत न्यूटन आणि पास्काल यांनीं अमर कीर्तीवर हक्क सांगण्याजोगीं कामें केलीं होतीं. एकविसाव्या वर्षीं न्यूटनाशीं स्वतःची तुलना करून दुःखी होणारा तरुण आम्हांस थोडा हास्यास्पद वाटतो खरा. परंतु अशी तुलना मुळींच न करणाऱ्यांपेक्षां तो बरा. त्याच वर्षीं, म्हणजे १७८९ सालीं, अंतिम शपथ न घेतांच तो मठांतून बाहेर पडला. बाहेर फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला होता.

आपल्याच जुन्या शाळेंत शिक्षक होऊन तो मुलांस शिकवूं लागला. १७९३ सालीं तो गांवच्या क्रांति-समितींत शिरला, आणि येथून त्याच्या नशिबाचा झोपाळा सुरू झाला. ओर्लेआं शहरीं त्यानें एका पक्षाच्या माणसांची बाजू घेतली. ती विरुद्ध पक्षाच्या डोळ्यांत सलली. दहशतीच्या त्या दिवसांत जुलै १७९४ मध्यें त्याला कैद झाली. अशा कैदेंतून वधस्तंभ फारसा दूर नसे. पण त्याच महिन्याच्या २८ तारखेस रोबेस्पिएर याचेंच डोकें उडालें, आणि फूरियेचें वाचलें. गंमत अशी कीं, पुढच्या वर्षीं, १७९५ सालीं, त्याला पुन्हां पकडलें, तें मात्र तो रोबेस्पिएरचा साथीदार होता या आरोपावरून! ज्याच्या राज्यांत मान जावयाची होती, त्याचाच मित्र म्हणून तुरुंग. राजकारणाच्या या गणितास कोणतीही रीत लागूं पडत नाहीं. सुदैवानें याही खेपेस तो सुटला.

या दोन तुरुंगांच्या मध्यें त्याला एक मोठा लाभ झाला. शिक्षक तयार करण्यासाठीं पॅरिस येथें निघालेल्या नव्या विद्यालयांत त्याची निवड झाली, आणि लाग्रांज, लाप्लास व मोंज या तीन गणितमहर्षींच्या पायांशीं बसून त्याला शिकावयास मिळालें. पुढें पॉलिटेक्निक विद्यालयांत तो स्वतः शिकवूं लागला, आणि १७९७ सालीं तर लाग्रांजच्याच जागीं त्याची नेमणूक झाली. लाग्रांजचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ते आजोबा पुढें आपल्या कथेंत पुन्हां येणार आहेत.

१७९८ सालीं नेपोलियन इजिप्तवर स्वारीस निघाला, तेव्हां सैन्याबरोबर त्यानें विद्वानांचा एक तांडाही नेला. त्यांत फूरिये होता. कैरो येथें विद्वत्सभा स्थापन झाली. मोंज अध्यक्ष व फूरिये चिटणीस. इंग्रजांनीं फ्रेंच आरमार बुडविल्यामुळें परतीची वाट बंद झाली, नेपोलियन एका रात्रीं गुपचुप निघून गेला, पण फूरिये १८०१ पर्यंत तेथेंच राहिला. इजिप्तहून परत येणारा माणूस पुरातन वस्तू आणतो, तशा यानेंही आणल्या; पण त्याशिवाय त्यानें एक वेड आणलें. वाळवंटांतील कोरडी उष्णता प्रकृतीस परमहितकारक आहे, अशी त्याची खात्री झाली. नंतरच्या आयुष्यांत थंडीचें त्याला एवढें भय वाटे कीं, खोली तापवून, लोंकरीवर लोंकर चढवून तो बसे, आणि भेटीस येणाऱ्या मित्रांच्या अंगास घामाच्या धारा लागत.

पॅरिसला परत येऊन शांतपणें शिकवावें अशी त्याची इच्छा होती. पण नेपोलियनच्या इच्छेपुढें इतरांच्या इच्छा चालत नसत. त्यानें फूरियेला आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं ग्रेनोब्ल येथें इझेर जिल्ह्याचा मुख्य अधिकारी नेमलें. आमच्याकडील कलेक्टरासारखा तो हुद्दा समजावा. एवढ्या थंड मुलखांत उष्णतेच्या भक्ताला पाठविणें हा नेपोलियनचा विनोद नसेल. पण परिणाम तसाच झाला. फूरियेनें काम मात्र चोख केलें. बुर्ग्वां येथील दलदल पिढ्यान्पिढ्या लोकांस तापानें मारीत होती. ती कोरडी करण्यास अनेक गांवांची संमति पाहिजे होती, आणि प्रत्येक गांवाचें शेजारच्या गांवाशीं भांडण होतें. फूरियेनें सर्वांस एकत्र आणलें. ज्यांनीं खेडेगांवांत बांधावरचे तंटे पाहिले आहेत, ते कबूल करतील कीं पुढें त्यानें सोडविलेलें उष्णतेचें समीकरण या कामाच्या मानानें सोपें होतें. ग्रेनोब्लहून इटलींतील ट्यूरिनकडे जाणारा रस्ताही त्यानें काढला. इजिप्तवरील प्रचंड ग्रंथाची प्रस्तावना त्यानेंच लिहिली. आणि त्यानें आणलेल्या इजिप्शियन वस्तू पाहून शांपोलियों नांवाच्या एका शाळकरी मुलास तीं चित्रलिपींतलीं अक्षरें वाचण्याचा ध्यास लागला, असें सांगतात. त्या मुलानें १८२२ सालीं ती लिपि खरोखरच उलगडली.

कचेरींतील दप्तरें बंद झाल्यावर फूरिये आपल्या खऱ्या कामास बसे. तें काम कोणतें, हें थोडक्यांत सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. ज्यांस गणिताचें भय वाटतें त्यांनीं पुढचे तीनचार परिच्छेद डोळे मिटून वाचावे.

लोखंडाचें एक कडें घ्यावें आणि त्याची एक बाजू विस्तवांत धरावी. बाहेर काढल्यावर उष्णता तापलेल्या भागाकडून थंड भागाकडे पसरूं लागते. कोणत्या क्षणीं कोणत्या ठिकाणीं किती उष्णता असेल? फूरियेनें असें कडें खरोखरच तापवून, त्याला ठिकठिकाणीं उष्णतामापक लावून पाहिलें होतें. उष्णता वेडीवाकडी पसरलेली असली तर हिशेब हाताबाहेर जातो. पण ती एका साध्या लाटेप्रमाणें क्रमाक्रमानें चढणारी व उतरणारी असली, तर उत्तर अगदीं सोपें असतें: लाटेचा घाट तोच राहतो, फक्त तिची उंची घटत जाते. कड्याभोंवतीं एकच चढउतार असेल तर ती लाट सावकाश विरते. दोन चढउतार असतील तर चौपट वेगानें, तीन असतील तर नऊपट वेगानें. जितकी लाट चंचल, तितकें तिचें आयुष्य थोडें. तेव्हां फूरियेनें असें योजिलें कीं, वेडीवांकडी उष्णता ही अनेक साध्या लाटांची बेरीज मानावी, प्रत्येक लाटेचा जमाखर्च वेगळा मांडावा, आणि शेवटीं सर्व खातीं पुन्हां एकत्र करावीं.

येथवर फारसें कोणी भांडलें नसतें. पण फूरिये पुढें गेला. कोणतीही आकृति, मग ती कितीही कोनेदार, तुटकी, उड्या मारणारी असो, साध्या लाटांची बेरीज करून घडवितां येते, असें त्यानें प्रतिपादन केलें. उदाहरणार्थ, किल्ल्याच्या तटासारखी आकृति घ्या. उभी भिंत, वर सपाट माथा, पुन्हां उभी भिंत. एक लाट घ्यावी. तिच्यांत तिप्पट चपळ पण एकतृतीयांश उंचीची दुसरी मिळवावी. मग पांचपट चपळ व एकपंचमांश उंचीची तिसरी. मग सात, नऊ, अकरा, अशा विषम संख्या घेत कधींही न थांबतां पुढें जावें. गोलसर लाटा एकमेकींचे उंचवटे खाऊन टाकतात आणि तट उभा राहतो! बापानें कापडाचे तुकडे जोडून हव्या त्या अंगाला बसेल असा अंगरखा शिवावा, आणि मुलानें लाटांचे तुकडे जोडून हव्या त्या आकृतीला बसेल असें गणित शिवावें, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

या साध्या लाटेला युरोपांत जें नांव आहे, तेंही एक विनोदच आहे. आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनीं धनुष्याच्या दोरीवरून तिला ज्या किंवा जीवा म्हटलें. अरबांनीं तो शब्द तसाच उचलला. पण अरबी लेखनांत स्वर गळतात, त्यामुळें पुढें लॅटिन भाषांतरकारांनीं तो छाती अशा अर्थाचा दुसराच अरबी शब्द समजून त्याचें भाषांतर केलें. धनुष्याची दोरी अशा रीतीनें अंगरख्याची घडी होऊन बसली, आणि जगांतील सर्व शाळांत तीच चूक आजतागायत मोठ्या गांभीर्यानें घोकली जाते.

ध्वनीचेंही असेंच आहे. बांसरी आणि सारंगी यांवर एकच स्वर काढला तरी डोळे मिटून आपण त्यांतला भेद ओळखतों. कारण मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या लाटा प्रत्येक वाद्यांत वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळलेल्या असतात. साध्या ढोलाच्या चामड्यांत ह्या लाटांचा एकमेकींशीं मेळ नसतो, म्हणून त्याचा नुसता आवाज होतो. आपल्या मृदंगावर व तबल्यावर शाईचा काळा थर बसविल्यानें त्या लाटा सुरेल प्रमाणांत येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखवून दिलें. आमच्या कारागिरांस हें गणित ठाऊक नव्हतें. त्यांचा कान मात्र फूरियेच्या पक्षाचा होता.

ता. २१ डिसेंबर १८०७ रोजीं फूरियेचा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें आला. परीक्षक चार: लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. आपलेच गुरु परीक्षक म्हणून बसलेले पाहून कोणा विद्यार्थ्यास धीर येणार नाहीं? पण लाग्रांज आतां ७१ वर्षांचा होता, आणि तारेच्या कंपनाविषयीं ऑयलर, दालांबेर व बर्नुली यांच्यांत माजलेला जुना वाद त्यानें तरुणपणीं स्वतः लढविला होता. नुसत्या लाटांच्या बेरजेंतून कोनेदार आकृति निघणें त्याला अशक्य वाटे. त्यानें जी मान हलविली ती कांहीं केल्या थांबेना. निबंध छापला गेला नाहीं.

विद्वत्सभेनें उष्णतेचा प्रसार हाच विषय पुढें पारितोषिकासाठीं ठेवला. फूरियेनें निबंध वाढवून १८११ मध्यें पुन्हां पाठविला आणि १८१२ च्या जानेवारींत पारितोषिक त्यालाच मिळालें. पण परीक्षकांनीं सोबत अभिप्राय असा जोडला कीं, या पद्धतींत अडचणी आहेत, व्यापकपणा आणि काटेकोरपणा या दोन्हीं बाबतींत ती कमी पडते. म्हणजे पहिला नंबर द्यावयाचा, पण प्रगतिपुस्तकावर तांबडी शाईही ओतावयाची. निबंध याही खेपेस छापला गेला नाहीं. फूरियेला हें फार लागलें.

येथें न्यायाची एक गोष्ट आम्हांस सांगितली पाहिजे. लाग्रांजची हट्टी म्हातारा म्हणून थट्टा करण्याची चाल पडून गेली आहे. पण त्याची शंका पोकळ नव्हती. अनंत लाटांची बेरीज केव्हां ठिकाणावर येते आणि केव्हां भरकटते, याची सिद्धता फूरियेपाशीं पुरी नव्हतीच. ती पुष्कळ अंशीं दिरिक्ले या तरुण जर्मन गणित्यानें १८२९ सालीं दिली, आणि कोणतीही आकृति या शब्दांस त्यानें कांहीं अटी घातल्या. फूरियेचें उत्तर बरोबर होतें, पण मधल्या पायऱ्या गाळलेल्या होत्या. आमच्या शाळेंत अशा उत्तरास किती गुण देतात, तें विद्यार्थ्यांस विचारावें.

इकडे राजकारणाचा झोपाळा पुन्हां हलला. १८१५ च्या मार्च महिन्यांत एल्बा बेटांतून निसटलेला नेपोलियन ग्रेनोब्लवर चालून आला. फूरिये आतां राजाचा नोकर होता. त्यानें लोकांस राजनिष्ठ राहण्याचें जाहीर आवाहन केलें, आणि नेपोलियन शहरांत शिरण्याच्या आधीं आपण बाहेर पडला. नेपोलियन प्रथम संतापला, मग त्यानें त्यालाच ऱ्होन जिल्ह्याचा अधिकारी नेमलें. तें काम फूरियेनें लौकरच सोडलें. आणि वॉटर्लूनंतर राजा परत आला तेव्हां तो ना राजाचा राहिला, ना नेपोलियनचा. हातीं पैसा नव्हता, नोकरी नव्हती. शाब्रोल नांवाचा त्याचा एक जुना विद्यार्थी पॅरिस भागाचा मुख्य अधिकारी झाला होता. त्यानें गुरूला गणना-खात्यांत जागा दिली. शिक्षकाच्या पेशांत पेन्शनीखेरीज आणखी एक मिळकत असते, ती ही.

१८१६ सालीं विद्वत्सभेनें त्याला सभासद निवडलें, तर राजानें निवड नामंजूर केली. पुढच्या वर्षीं पुन्हां निवडलें, तेव्हां राजानें मान तुकविली. १८२२ सालीं त्याचा उष्णतेच्या मीमांसेवरील महान् ग्रंथ अखेर प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं तो विद्वत्सभेचा कायमचा चिटणीस झाला. सभेच्या वार्षिक ग्रंथांत काय छापावें हें आतां पुष्कळसें त्याच्या हातीं होतें. चिटणीसबुवांनीं काय केलें? अकरा वर्षें धूळ खात पडलेला आपला पारितोषिकाचा निबंध बाहेर काढला, आणि एक अक्षरही न बदलतां छापावयास दिला! लाग्रांज १८१३ सालींच निवर्तला होता, एवढीच या विनोदांतली उणीव.

पण ज्याचे कागद इतरांनीं दडपले, त्याच्याच घरीं एका मुलाचे कागद हरवावे, हा दैवाचा विनोद मात्र कडू आहे. १८३० च्या फेब्रुवारींत एव्हारिस्त गाल्वा या अठरा वर्षांच्या तरुणानें समीकरणांवरील आपला निबंध पारितोषिकासाठीं चिटणिसाकडे दिला. फूरियेची प्रकृति तोंवर ढासळली होती. मे महिन्याच्या आरंभीं तो जिन्यावरून पडला, आणि ता. १६ मे १८३० रोजीं त्याचें देहावसान झालें. त्याच्या कागदांत गाल्वाचा निबंध सांपडला नाहीं. मुद्दाम केलेला अपराध हा नव्हे. आजारी माणसाच्या मेजावरची ती अव्यवस्था होती. परंतु गाल्वा दोन वर्षांनीं द्वंद्वयुद्धांत विसाव्या वर्षीं मेला, आणि जगाला त्याची थोरवी पुढें पुष्कळ वर्षांनीं कळली. मेणबत्तीचीं टोकें वेंचणारा मुलगा आणि हा मुलगा यांची एकदां गांठ पडली असती तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

फूरियेच्या ग्रंथाला खरा वाचक मिळाला तो स्कॉटलंडांत. १८४० सालीं विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन झाला, त्यानें वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ग्लासगोच्या ग्रंथालयांतून तो ग्रंथ आणून पंधरवड्यांत वाचून काढला. एडिंबरोच्या केलंड नांवाच्या प्राध्यापकानें फूरियेचीं पदें बहुतेक चुकीचीं आहेत असें छापलें होतें. या मुलानें १८४१ सालीं पी. क्यू. आर. अशीं तीन अक्षरें टोपणनांव म्हणून घेऊन प्राध्यापकाचीच चूक दाखविली. मोठेपणीं त्यानें समुद्राची भरतीओहोटीही लाटांच्या बेरजेनें सोडविली. चंद्राची एक लाट, सूर्याची एक, त्यांच्या मार्गांतील वांकडेपणाच्या आणखी कित्येक. प्रत्येकीसाठीं एकेक कप्पी, जी आपापल्या वेगानें वरखालीं हलते, आणि सर्व कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी. दांडा फिरविला कीं दोरीच्या टोकाची लेखणी पुढच्या वर्षाची भरती कागदावर काढते. हिंदुस्थानांतील बंदरांसाठीं असेंच एक यंत्र १८७९ सालीं लंडनमध्यें तयार झालें. मुंबईच्या समुद्राला पाणी केव्हां चढणार, हें लंडनमध्यें खोलींत बसून दांडा फिरविणारा गृहस्थ सांगूं लागला, आणि समुद्रही त्याचें ऐकत असे!

यंत्रांचा विनोद येथें संपत नाहीं. अमेरिकेंत मायकेल्सन यानें १८९८ सालीं ऐंशी लाटांची बेरीज करणारें यंत्र केलें. त्यावर वर सांगितलेली तटाची आकृति काढली, तर तटाच्या कडेशीं दोन शिंगें उगवत. लाटा वाढवाव्या तर शिंगें अरुंद होत, पण उंची कमी होईना. दोष यंत्रांतला नव्हता. भिंतीच्या उंचीच्या शेंकडा सुमारें ९ इतकें तें शिंग लाटा हजार घ्या कीं लक्ष घ्या, राहणारच, असें गिब्ज यानें १८९९ सालीं स्पष्ट केलें आणि त्याचें नांव त्या शिंगांस मिळालें. विलब्रॅहम नांवाच्या इंग्रज गणित्यानें हेंच १८४८ सालीं सांगून ठेवलें होतें. पण तें कोणाच्या ध्यानींमनींही राहिलें नव्हतें. लाग्रांजला ती शिंगें दाखवितां आलीं असतीं, तर तो किती प्रसन्न झाला असता!

१९६५ सालीं कूली आणि टकी या दोघांनीं लाटा वेगळ्या करण्याची एक झटपट रीत प्रसिद्ध केली. १,०२४ मोजमापें असलीं तर सरळ रीतीनें १०,४८,५७६ गुणाकार पडतात. नव्या रीतीनें सुमारें १०,२४० कामांत भागतें. गणकयंत्रांच्या जगांत दिवाळी झाली. मग जुनीं दप्तरें धुंडाळतां असें आढळलें कीं, ही रीत गाउस यानें लघुग्रहांचे मार्ग काढतांना १८०५ च्या सुमारास, म्हणजे फूरियेच्या पहिल्या निबंधाच्याही आधीं, लॅटिनमध्यें लिहून ठेवली होती, आणि ती १८६६ सालीं त्याच्या मृत्यूनंतरच्या ग्रंथांत छापूनही आली होती. आणि बंगलोर येथें जन्मलेल्या नासिर अहमद यांनीं १९७२ सालीं अमेरिकेंत चित्रांसाठीं लाटांची एक सोपी मांडणी सुचवून तिच्यासाठीं अनुदान मागितलें, तेव्हां कल्पना फारच साधी आहे या सबबीवर तें नाकारण्यांत आलें! १९७४ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांबरोबर ती प्रसिद्ध केली. आज फोनवरून येणारीं छायाचित्रें बहुतेक तिच्याच आधारें आटोपशीर होऊन येतात. फूरियेची कल्पना अशक्य म्हणून नाकारली, यांची सोपी म्हणून. परीक्षकांस खुष करणें कोणत्याही काळीं कठीणच.

फूरियेचें दफन पॅरिसच्या पेर लाशेझ या दफनभूमींत झालें आणि त्याच्या थडग्यावर इजिप्शियन घाटाची सजावट केली गेली. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नांवांत त्याचें नांव आहे. ओसेरच्या लोकांनीं १८४९ सालीं शिंप्याच्या या मुलाचा ब्राँझचा पुतळा उभारला. तो पुतळा नव्वद वर्षांहून अधिक काळ ऊनपाऊस सोशीत उभा होता. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या अमलाखालीं, शस्त्रांसाठीं धातु हवी म्हणून तो काढून नेला, आणि भट्टींत घालून वितळविला.